फोनची खरखर आणि मंद नेट ही एकच तक्रार आहे: नागपूरच्या टेलिफोन तक्रार विभागाला खुले पत्र

प्रति,
तक्रार विभागातले अधिकारी, एक्स्चेंजमधले अभियंते आणि खांबावर चढणारे लाइनमन बंधू,
नागपूर

सप्रेम नमस्कार.

मी हनुमान नगरात राहते आणि नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. संध्याकाळी सहा ते आठ माझा वर्ग ऑनलाइन असतो, कारण निम्मी मुलं उमरेड आणि काटोलकडची आहेत, त्यांना रोज नागपूरला येणं परवडत नाही. आमचं ब्रॉडबँड तांब्याच्या जुन्या टेलिफोन लाइनवर चालतं. यंदा जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते असून नसल्यासारखं होतं. या काळात मी तुमच्याकडे पाच वेळा तक्रार नोंदवली. चार वेळा 'लाइन ओके' असा शेरा मारून ती बंद करण्यात आली. पाचव्या वेळी एक लाइनमन भाऊ घरी आले, शिडी लावली आणि वीस मिनिटांत दोष हातात काढून दाखवला.

कुणा एकाची कागाळी करण्यासाठी हे पत्र नाही. लाइन का बिघडली आणि चार वेळा ती 'ओके' का दिसली, हे आता मला कळलं आहे. हीच गोष्ट शहरातल्या इतर घरांत घडत असणार, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

खरखर पहिल्यांदा सासूबाईंच्या लक्षात आली. त्यांना आता नीट दिसत नाही, त्यामुळे मोबाइल जमत नाही. जुन्या फोनची बटणं मात्र त्या बोटांनी चाचपून अचूक दाबतात. पहिला जोराचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, फोनात पाणी पडून राहिलं काय?" मी रिसीव्हर कानाला लावला. तापल्या तव्यावर थेंब पडावेत तशी चरचर, मध्येच एखादा टक् असा आवाज. बोलणं ऐकू येत होतं, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. त्याच संध्याकाळी वर्गात एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचा आवाज तुटून तुटून येऊन राहिला." मी फळ्यावर त्रिकोणमितीचं उदाहरण सोडवत होते, आणि मुलांच्या पडद्यावर अर्धी पायरी येऊन थांबली होती.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि तक्रार घेणाऱ्यांनाही ते सुचलं नाही. आवाजाची तक्रार एका ठिकाणी नोंदते, नेटची दुसऱ्या ठिकाणी. मी नेटची नोंदवली. पलीकडून विचारलं गेलं: मोडेमचे दिवे लागले आहेत का, बंद करून चालू केलं का, वायफायचा पासवर्ड बदलला का. फोन उचलल्यावर लाइन स्वच्छ ऐकू येते का, हा प्रश्न सात आठवड्यांत एकदाही कुणी विचारला नाही. उत्तर तर त्याच प्रश्नात होतं.

आधी माझ्या घरची बाजू सांगते, कारण दोष घरातलाही असू शकतो आणि तो आधी तपासणं हे ग्राहकाचं काम आहे असं मी मानते. वायफायचा संशय नको म्हणून लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडला. वेग तसाच. मग मोडेम, स्प्लिटर (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी), वरच्या मजल्यावरचा दुसरा फोन असं सगळं काढलं आणि लाइन घरात शिरते तिथल्या रोझेटला एकटा साधा फोन लावला. कधीकधी स्प्लिटर खराब असला की ब्रॉडबँडचाच आवाज फोनमध्ये शिरतो, पण इथे मोडेम काढूनही चरचर होतीच. म्हणजे ती रोझेटच्या अलीकडे नव्हती, बाहेरून येत होती.

वरच्या मजल्याकडे जाणारी एक वायर आम्ही दहा-बारा वर्षांपूर्वी टाकली होती, हल्ली तिच्या टोकाला फोनही नव्हता. अशी लोंबकळणारी फांदी सिग्नल परतवते आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळवते. ती कापून टाकली. वेग थोडासा वाढला. तेवढी चूक आमची होती.

नंतर कपाटातला खिशातला रेडिओ काढला. मध्यम लहरीवर मोकळी जागा शोधायची आणि रेडिओ घरभर फिरवायचा. जिथे घरघर वाढते तिथलं उपकरण गोंगाट करतं. इन्व्हर्टरजवळ आणि गच्चीच्या जिन्यातल्या स्वस्त एलईडी ट्यूबजवळ रेडिओ कुरकुरला. दोन्ही बंद करून पाहिले, फोनमधली चरचर जशीच्या तशी. रेडिओची ही युक्ती उगीच नाही. टेलिफोनच्या तारेत आपलं बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसतं, आणि ब्रॉडबँड त्याच्या बरंच वर, साधारण २५ किलोहर्ट्झपासून, एडीएसएल-टू-प्लस या तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडच्या प्रकारात, २२०० किलोहर्ट्झपर्यंत पसरलेलं असतं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र आपण ज्या ५८५ किलोहर्ट्झवर ऐकत आलो, ती जागा या पट्ट्याच्या आतच येते. जी हवा रेडिओ ऐकतो, तीच हवा ही तारही ऐकू शकते. निरोगी तार ऐकत नाही, एवढाच फरक.

तो फरक मला नंतर लाइनमन भाऊंनी समजावला आणि मग मी स्वतः वाचून घेतला. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेलेल्या असतात. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि एक्स्चेंजमधलं यंत्र व मोडेम दोन्ही फक्त त्यांच्यातला फरक वाचतात, त्यामुळे सारखं पडलेलं आपोआप वजा होतं. पण दोनपैकी एका तारेचा जोड गंजला की तोल जातो. मग एका तारेवर पडलेलं दुसरीवरच्याने कटत नाही, आणि मैलभर लांबीची ती तार अँटेना होऊन बसते. कानाला ऐकू येणारी चरचर आणि मोडेमला नडणारा गोंगाट हे वेगवेगळ्या पट्ट्यांतले आहेत खरे, पण दोघांचं दार एकच, तो सडका जोड.

आणि गोंगाटाने वेग का पडतो? ही तार ब्रॉडबँडसाठी एकच रुंद रस्ता नसते. ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या ५१२ अरुंद गल्ल्या असतात, आपल्या इतवारी बाजारासारख्या. मोडेम जोडणीच्या वेळी प्रत्येक गल्लीत कान देऊन पाहतो. शांत गल्लीत तो एका फेरीला १५ बिटांपर्यंत माल भरतो, गोंगाटाच्या गल्लीत दोन-तीन, आणि फारच कोलाहल असेल तर ती गल्ली सोडून देतो. ग्राहकाच्या नेटचा वेग म्हणजे या सगळ्या गल्ल्यांतल्या मालाची बेरीज. खरखर वाढली की बेरीज घटते. मोडेम बदलून गल्ल्या मोकळ्या होत नाहीत.

हे सगळं मोडेमच्या पानावर आकड्यांत दिसतं. मागच्या वर्षी मोडेम बसवला तेव्हा मी त्याच्या खोक्याच्या झाकणावर तीन आकडे पेनाने लिहून ठेवले होते: लाइनचा वेग ७९०० केबीपीएस, अ‍ॅटेन्युएशन ३८ डेसिबल, एसएनआर मार्जिन ९ डेसिबल. अ‍ॅटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून घरापर्यंत येता येता सिग्नल किती क्षीण झाला. मार्जिन म्हणजे त्या वेगाला जेवढी शांतता लागते, त्याहून किती जास्त शिल्लक आहे. साधारण ६ डेसिबल राखून लाइन जुळवतात. जुलैमध्ये माझी लाइन सकाळी ६ वर जुळायची, दुपारी ३ वर यायची, संध्याकाळी वर्गाच्या वेळी १ वर येऊन तुटायची. पुन्हा जुळताना मोडेम त्या क्षणीच्या गोंगाटात पेलवेल एवढाच वेग घ्यायचा. असं घसरत घसरत एका रात्री वेग ११८० केबीपीएसवर आला. जानेवारी २०२३ पासून आपल्या देशात २ एमबीपीएसपेक्षा, म्हणजे २००० केबीपीएसपेक्षा, कमी असेल त्याला ब्रॉडबँड म्हणता येत नाही. महिन्याचं बिल मात्र मी ब्रॉडबँडचंच भरत होते.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

दुसरी तक्रार बंद झाल्यावर मी एक वही घातली. वेळ, मार्जिन, मोडेमने मोजलेल्या चुकांचा आकडा, पाऊस आणि शेवटच्या रकान्यात इतर काही. आठवड्याने वही उलगडली तर एक विचित्र गोष्ट दिसली. बुधवारी चार वाजता मार्जिन २ होतं. सव्वाचारला अमरावतीहून माझ्या मोठ्या बहिणीचा लँडलाइनवर फोन आला, वीस मिनिटं बोललो. पाच वाजता मार्जिन ८! वर्ग विनाअडथळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ३. शनिवारी सासूबाईंच्या माहेरचा फोन आला, तसंच झालं. मी बहिणीला सांगितलं, रोज साडेपाचला एक फोन करत जा. तीन दिवस तिने केला आणि तिन्ही दिवस वर्ग नीट पार पडला. बहीण विचारायची, "अगं पण बोलायचं काय रोज?" मी म्हणायची, नुसती घंटा वाजू दे.

कारण असं आहे. फोन ठेवलेला असताना तारेवर ४८ व्होल्टचा दाब असतो, पण प्रवाह जवळजवळ वाहत नाही. गंजलेल्या जोडावर बसलेला पापुद्रा तसाच राहतो. घंटा वाजते तेव्हा एक्स्चेंजमधून सुमारे ७५ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह त्यावर चढतो, आणि फोन उचलल्यावर काही मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहू लागतो. त्या दणक्याने पापुद्रा फुटतो, तांब्याला तांबं टेकतं, लाइन तात्पुरती बरी होते. काही तासांनी पापुद्रा पुन्हा धरतो.

आता तुमच्या तक्रार विभागाची पद्धत आठवा. तक्रार नोंदली की तुमच्याकडून लँडलाइनवर फोन येतो. घंटा वाजते. मी उचलते. "मॅडम, नेटची तक्रार होती ना? आता पहा बरं." मी पाहते, नेट चालू. पलीकडे पडद्यावर लाइनची चाचणी होते, तीही स्वच्छ येते. "लाइन ओके आहे मॅडम." तक्रार बंद, मोबाइलवर संदेश. चारही वेळा हेच झालं. तपासायला केलेला फोनच दोष झाकत होता. पलीकडचा माणूस खोटं बोलत नव्हता, मीही नव्हते, आणि तरी मी सात आठवडे खोटी ठरत होते. तिसऱ्या वेळी तर मला सांगण्यात आलं की वेग थोडा कमी करून देतो, म्हणजे लाइन तुटणार नाही. दिला करून. तुटणं कमी झालं, पण चित्र दिसेना. ताप आलेल्या माणसाला जिना चढू नका म्हणण्यासारखं ते होतं, तापाचं काय?

पाचव्या तक्रारीच्या वेळी मी वहीची पानं फोटो काढून पाठवली आणि विनंती केली: कृपया लँडलाइनवर फोन करू नका, माझ्या मोबाइलवर करा, आणि माणूस पाठवा. माणूस आला. पन्नाशीचे गृहस्थ, कमरेला टेस्टचा फोन, पाठीवर पिशवी. त्यांनी वही पाहिली, एकच प्रश्न विचारला, "घंटा वाजल्यावर सुधरते ना?" मी हो म्हणताच म्हणाले, "मग जोड आहे."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब आहे, त्याला लागून खांब, खांबावर दहा जोड्यांचा डीपीचा डबा, म्हणजे जिथून घराघरांत तारा जातात तो. डब्याचं झाकण अर्धवट लटकलेलं होतं. आत मुंग्यांनी माती भरली होती. आमची जोडी डब्यापासून हातभर अंतरावर हवेतच जोडलेली निघाली. कधीतरी कुणीतरी दोन टोकं हाताने पिळली होती आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांत चिकटपट्टीचा डिंक वितळून ओघळला होता, पट्टी सैल पडली होती, आणि पहिल्या पावसाचं पाणी सरळ आत. भाऊंनी पट्टी सोलून मला खालीच दाखवली. एका तारेचं तांबं लालसर, ठीक होतं. दुसऱ्या तारेवर हिरवट-पांढरी भुकटी. त्यांनी नखाने टोकरलं तशी ती बोटाला लागली आणि तार दोन तुकड्यांत सुटी झाली. "पहा मॅडम, पुरी सडली. नुसती टेकून होती."

वीतभर तार कापून टाकली, नवा तुकडा घातला, जेलीने भरलेले दोन छोटे कनेक्टर पकडीत दाबले. जेली तारेभोवती पसरते, मग पाणी शिरत नाही. घरी येऊन मी फोन उचलला. कितीतरी दिवसांनी नुसता डायल टोन. मार्जिन ११. चुकांचा आकडा तासाला हजारांत जायचा, तो बाराच्या वर गेला नाही. वेग मात्र अडीच हजारांवरच थांबला. तेव्हा आठवलं की तिसऱ्या तक्रारीत कमी करून दिलेलं प्रोफाइल, म्हणजे वेगाची मर्यादा, कुणी परत वाढवलंच नव्हतं. त्यासाठी आणखी दोन फोन करावे लागले. मग ७८०० केबीपीएस.

त्या भाऊंना मी चहा दिला. निघताना त्यांनी सांगितलं ते मला फार लागलं. जेलीचे कनेक्टर पिशवीत नेहमी असतातच असं नाही, संपले की चिकटपट्टीवरच भागवावं लागतं, आणि एका माणसाकडे आता इतक्या गल्ल्या आहेत की प्रत्येक तक्रारीला शिडी लावणं जमत नाही.

म्हणून अधिकाऱ्यांना माझं मागणं आहे. नेट मंद असल्याची तक्रार आली की पहिला प्रश्न हा विचारा: मोडेम काढून फोन उचला, खरखर ऐकू येते का? येत असेल तर ती आवाजाची आणि नेटची मिळून एकच तक्रार समजा, एकाच क्रमांकावर, आणि थेट लाइनमनकडे पाठवा. ग्राहकाच्या लँडलाइनवर फोन करून लाइन तपासू नका, मोबाइलवर करा. एक्स्चेंजमधलं ब्रॉडबँडचं यंत्र प्रत्येक लाइनच्या चुकांची मोजदाद १५-१५ मिनिटांच्या टप्प्यांत ठेवतं. मागच्या २४ तासांची ती मोजदाद उघडली असती तर माझी लाइन ओके नाही हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. त्या क्षणीची चाचणी पुरेशी नाही. वेग कमी करून देणं हा उपाय नाही. करावाच लागला तर दुरुस्ती झाल्यावर तो मूळ पदावर आणायची जबाबदारी दुरुस्ती नोंदवणाऱ्यावर टाका. आणि तक्रार बंद करण्याआधी एक दिवस जाऊ द्या, ग्राहकाला विचारा. दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींसाठीच्या २०१२ च्या नियमांनी ग्राहकाला तक्रार क्रमांक दिला आहे आणि समाधान झालं नाही तर अपिलाची वाटही दिली आहे. पण चारही वेळा बंद होताना नेट खरोखरच चालू होतं, मी अपील कशाचं करणार होते?

लाइनमन बंधूंना कनेक्टर पुरवा. त्या दोन छोट्या वस्तूंअभावी तीच लाइन दर पावसाळ्यात बिघडते आणि तोच माणूस त्याच खांबावर पुन्हा चढतो.

फायबर घ्या असं बरेच जण सुचवतात. गल्लीत आलं की आम्ही नक्की घेऊ. काचेच्या तारेला ना गंज ना रेडिओ. पण ते अजून मोठ्या रस्त्यापर्यंतच आलं आहे. तोवर माझा वर्ग आणि सासूबाईंचा फोन तांब्यावरच आहे. उन्हाळ्यात वीज गेली की तोच फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालू राहतो, हेही त्या जाणून आहेत.

लाइनमन बंधूंनो, तुमच्यावर माझा राग नाही. ज्यांनी आमची लाइन दुरुस्त केली, त्यांच्या हाताचा गुण मी स्वतः पाहिला आहे.

त्या डब्यात आमच्याशिवाय आणखी पाच जोड्या चालू आहेत. पाचही हाताने पिळलेल्या, चिकटपट्टीच्या. त्यातली एक समोरच्या काकांची आहे. ते गेले दोन महिने नव्या मोडेमसाठी पैसे साठवत आहेत. त्यांना मी सध्या थांबायला सांगितलं आहे. सप्टेंबरचा पाऊस लागण्याआधी एकदा शिडी घेऊन या आणि पाचही जोड एकदमच करून टाका. डब्याचं झाकण मी तारेने बांधून ठेवलं आहे, चाकूने कापलं की सुटेल.

आपली,
हनुमान नगरातली एक ग्राहक